थंड चुलीचा रिपोर्ट

बडोद्यात मी एका घरकर्ज कंपनीत चौकशी अधिकारी होतो. एकतीस वर्षं. निवृत्त होऊन आता सहा झाली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा आमच्या संपादकांचा तगादा तीन वर्षं चालू होता आणि दरवर्षी मी "आमच्या नोकरीत लिहिण्यासारखं काय असणार हो" म्हणून टाळत होतो. खोटं बोलत होतो. लिहिण्यासारखं होतं, लिहायची छाती नव्हती. यंदा श्रावणात निजामपुऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंच्या ओट्यावर बसून थंड थेपलं खाल्लं, आणि त्यानंतर कागद पुढ्यात ओढला.

आधी आमचा धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नोकरदार माणूस घरासाठी कर्ज मागायला आला की आमचं काम अर्ध्या तासाचं. पगाराची चिठ्ठी दाखवा, पासबुक दाखवा, सही करा, या. आमच्या घरात तिन्ही पिढ्या असल्याच. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील हायस्कुलात मास्तर, मी इथे. पहिली तारीख आमच्याकडे सणासारखी उजाडायची. त्यामुळे पगाराशिवाय माणूस जगतो कसा, हे मला नोकरीला लागेपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं.

स्वतःचा धंदा असलेला माणूस आला की खरी गंमत. त्याला पगार देणाराच कोणी नाही, तर चिठ्ठी कोण देणार? तो आणतो इन्कम टॅक्सचं रिटर्न. आणि त्या कागदावर बिचारा इतका गरीब असतो, की वाटावं आपणच याच्या हातावर काहीतरी ठेवून पाठवावं. टॅक्स वाचवायला दहा वर्षं जी गरिबी जपली, तीच घर घ्यायच्या वेळी आडवी येते. लहान धंदेवाल्यांकडे तर रिटर्नही नसायचं. एका घोडीवाल्याला मी पुरावा मागितला, तर दुसऱ्या दिवशी वरातीची घोडी घेऊन ऑफिसच्या कंपाउंडात हजर. "आ रह्यो पुरावो," म्हणाला.

अशा लोकांसाठी आम्ही स्वतः जाऊन बघायचं. न कळवता. दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाइकं बघायची, लाइटबिल बघायचं, आणि शेजारच्या तिघांना विचारायचं. पण कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही. कोणी कर्ज मागितलंय ही बातमी आमच्या तोंडून गल्लीत फुटता कामा नये, असा कंपनीचा कडक नियम. नियम चांगला होता, माणसाच्या अब्रूचा प्रश्न असतो. पण आता माझं ध्यान डोळ्यांपुढे आणा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत फाईल, स्कूटर लांब कोपऱ्यावर लावलेली, आणि विचारतोय काय, तर "अमुकभाईंचा धंदा कसा चालतो?" गुजरातेत असला माणूस एकाच खात्याचा असू शकतो.

बडोद्याजवळच्या पादरा गावात एका फरसाणवाल्याकडे गेलो होतो. कर्जाचा अर्ज मुलाचा, आणि त्याने बापाला काही सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याने मला लांबून पाहिलं, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत गाठियाची कढई भट्टीवरून उतरवून मागच्या गोठ्यात. मला म्हणतो, "धंधो तो बंध छे साहेब, हवे तो भगवाननुं नाम लउं छुं." भट्टी धगधगतेय, म्हाताऱ्याच्या कोपरापर्यंत बेसन, आणि हा जपमाळ ओढतोय. मी पोट धरधरून हसलो आणि कर्ज मंजुरीची शिफारस केली. ऑफिसात महिनाभर ही गोष्ट रंगवून सांगत होतो. म्हणजे लोक मला टॅक्सवाला समजतात आणि खोटं बोलतात, हे मला पक्कं माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा.

मंदाताई पोरे ऑफिसात आल्या त्यानंतर वर्षादीड वर्षाने. साल नेमकं लिहीत नाही, नव्वदीनंतरचा काळ. सातारकडच्या बाई, ठेंगण्या, हाताला सतत फोडणीचा वास. बरोबर नवरा, दिनकरराव. त्यांनी बाईंच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली होती. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. पूर्वी एका कारखान्यात स्टोअरकीपर होते.

"काय करता आपण?" मी विचारलं.

"डबे करते. कोयलीला रिफायनरीत ट्रेनिंगला येतात ना पोरं, निजामपुऱ्यात खोल्या घेऊन राहतात, त्यांचे. सकाळचे बेचाळीस, रात्रीचे अडतीस."

"रिटर्न भरता?"

"ते काय असतं?"

मी पेन खाली ठेवलं. बाई मात्र बोलत राहिल्या. निजामपुऱ्यातल्या एका टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या जोडघरात, ही दोघं पंधरा वर्षं भाड्याने राहत होती. मालक रमणकाका मुलाकडे परदेशी निघाले होते. माणूस भला. म्हणाला, बेन, पहिला हक्क तुझा, दिवाळीपर्यंत थांबतो, नंतर मात्र बिल्डरला देणार. थोडी रक्कम बाईंनी साठवली होती, उरलेल्यासाठी आमच्या दारात आल्या होत्या.

"एवढं घरच कशाला हवं? भाड्याने दुसरं मिळेल की," मी म्हटलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायचो, गरज किती खरी ते कळतं.

उत्तर दिनकररावांनी दिलं. "ओट्यापासून मोरी सात पावलं. मोरीपासून मागचं दार चार. दारातून उजवीकडे वळलं की कोठीचा कट्टा, त्यावर डावीकडून मोहरी, जिरं, हळद, तिखट. बेचाळीसच्या बेचाळीस डबे मी भरतो साहेब. कुणाला भात कमी, कुणाला लोणचं नको, हाताला सगळं माहीत आहे. स्टोअरकीपर ना मी! माल जागेवर असला की डोळे लागतात कशाला?"

ते हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घर मला नकोय हो. मी कुठेही राहीन, झाडाखाली चूल मांडीन. पण ह्यांना हे घर पाठ आहे. नजर जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून दोन वर्षं हे डोळे मिटून घरात फिरायची सवय करत होते. आपटत होते, धडपडत होते, पण पाठ केलं. आता दुसरं घर कसं पाठ होणार?"

मी म्हटलं, "चौकशी होऊ दे, बघू." मनात मात्र मी हो म्हणून टाकलं होतं. खरंच सांगतो, मनात हो होतं.

चौकशीला गेलो तो श्रावणातला दिवस. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमीची सुट्टी आणि टेबलावर सात फायली, म्हणून सकाळपासून धावपळ. साडेदहा-अकराला निजामपुऱ्यात पोचलो. खानावळीची ऐन घाईची वेळ. गल्लीत शिरतानाच फोडणीचा वास यायला हवा होता. आला नाही. दाराला कुलूप.

शेजारच्या ओट्यावर जाड चष्म्याच्या एक गुजराती बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. शारदाबेन. नाव मला नंतर कळलं.

"कोनुं काम छे?"

"पोरेबाई इथे डबे करतात ना? किती डबे जातात रोजचे?"

त्यांनी माझ्या फाईलकडे पाहिलं, पेनांकडे पाहिलं. "डबा? ना रे भाई, अहीं कोई डबाबबा नथी करतुं." मग आमच्या बडोद्याच्या खिचडी भाषेत सुरू झाल्या. गरीब बाई आहे, नवरा आंधळा, आम्ही शेजारी थोडं थोडं देतो म्हणून घर चालतं, कसला धंदा नि कसलं काय. मी जरा शंका घेतली, तर माझी बाही धरून मला मागच्या अंगणात नेलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. "जोई लो ने. चूलो ठंडो छे ने?"

चूल थंड होती. मोठी शेगडी होती खरी, पण घासूनपुसून लख्ख, तेलाचा एक डाग नाही. बर्नरवर कुंकवाचं बोट आणि वर जास्वंदीचं फूल. भिंतीशी डबे पालथे घातलेले, कोरडे ठणठणीत. कोठीत भाजीचं एक पान नाही. मी मनात म्हटलं, कधीकाळी धंदा असेल, आता नुसती शेगडीची पूजा उरली आहे. पुढे आणखी दोन घरं विचारली. तिथेही तेच, "ना रे, कोई डबा नथी."

मग मला राग आला. बाईंनी आपल्याला रडवून गुंडाळलं, असं वाटलं. ऑफिसात जाऊन रिपोर्ट लिहिला, "प्रत्यक्ष भेटीत धंदा चालू आढळला नाही. शेजाऱ्यांकडून दुजोरा." सही केली. घरी जाऊन बायकोने वाढलेला गरमागरम वरणभात जेवलो आणि झोप काढली.

नकाराचं पत्र गेल्यावर दोन दिवसांनी मंदाताई एकट्याच आल्या. वाण्याची चिठ्ठी आणली होती, पोरांच्या सह्यांचा कागद आणला होता. मी म्हटलं, "बाई, सह्या काय, कुणीही आणतं."

"अहो पण तुम्ही कधी आला होतात?"

"ते सांगता येत नाही."

"मग आत्ता चला. रिक्षाचं भाडं मी देते. आत्ता वरण उकळतंय, शेजारणीला बघायला सांगून आलेय. चला ना साहेब. पाच मिनिटं बघा आणि मग खुशाल नाही म्हणा."

मी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, "चौकशी एकदाच होते."

होत नव्हती एकदाच. मॅनेजरला एक ओळ लिहिली असती तर दुसऱ्यांदा जाता आलं असतं. पण त्या ओळीत पहिला रिपोर्ट चुकला असेल, असं लिहावं लागलं असतं. माझा रिपोर्ट तोवर कधी फिरला नव्हता, आणि त्याचा मला भारी ताठा. पादरावाल्या म्हाताऱ्याचं सोंग ओळखणारा मी, माझी चूक कशी होईल? बाई अर्धा तास बाकावर बसून राहिल्या. मग वरण करपेल म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दिवाळीनंतर घर बिल्डरकडे गेलं.

मला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात. रिफायनरीतला एक तरुण इंजिनियर कर्जासाठी आला होता. नोकरदार, अर्ध्या तासाचं काम. जेवायची वेळ झाली म्हणून त्याने पिशवीतून डबा काढला. सहज विचारलं, तर म्हणाला, "पोरेबाईंचा. चार वर्षं खातोय. पूर्वी निजामपुऱ्यात होत्या तेव्हा काय डबा असायचा साहेब! आता गोरव्याला गेल्या, पोरं निम्मी तुटली. काकांच्या हाताने भरलेला डबा राहिला नाही."

मी त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. त्याच संध्याकाळी गोरव्याला गेलो. पहिल्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरीत शेगडी, अरुंद जिना. दिनकरराव खाटेवर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. हातांवर भाजल्याचे पांढरे डाग.

"दोनदा आमटी सांडली अंगावर," मंदाताई म्हणाल्या. "एकदा जिन्यावरून घसरले. मग मीच म्हटलं, तुम्ही बसा. ते बसलेत ते बसलेच."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा केला त्यांनी. मी म्हटलं, "मंदाताई, माझी चूक झाली. पण मी आलो होतो हो. खिडकीतून बघितलं, शेगडी थंड होती. आणि तुमच्या शेजाऱ्यांनीच सांगितलं, की..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं ते बोलू नका. ती माझी माणसं आहेत. ह्यांना रात्री दवाखान्यात न्यायला तीच उठायची. आता ते नाव कळून मी काय करू?"

निघताना दिनकररावांनी हाक मारली. "साहेब, दारापासून माझ्या खाटेपर्यंत किती पावलं झाली तुमची?"

"मोजली नाहीत हो."

"मीही आता मोजत नाही," ते म्हणाले.

मी दुसऱ्या घरासाठी नवा अर्ज करा म्हणून सांगितलं, मी स्वतः मंजूर करून आणतो म्हटलं. मंदाताईंनी नुसती नकाराची मान हलवली. दीडेक वर्षात दिनकरराव गेले. तेही त्या इंजिनियरकडूनच कळलं. बाई साताऱ्याला भावाकडे गेल्या आणि पुढे पत्ता लागला नाही. मी त्यानंतर शेकडो धंदेवाल्यांची घरं मंजूर केली. दोनदा, तीनतीनदा जाऊन बघायचो, मॅनेजर वैतागायचा. पण एक घर राहिलं ते राहिलंच. आणि त्या जाड चष्म्याच्या शेजारणीला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. मंदाताईंच्या धंद्यावर जळत असणार मेली, असं मी धरूनच चाललो होतो.

यंदा श्रावणात पुतणीला फ्लॅट बघायचा होता. काका, तुम्हाला कळतं, चला म्हणाली. जागा निघाली निजामपुऱ्यात, नेमकी त्याच गल्लीत, त्याच जमिनीवर. चारमजली इमारत. पुतणी वर गेली, मी म्हटलं मला जिना नको. शेजारचं बैठं घर तसंच होतं. ओट्यावर झोपाळा, झोपाळ्यावर शारदाबेन. ऐंशीच्या पुढच्या, चष्मा आणखी जाड.

"धूप छे भाई, बेसो," म्हणाल्या. मला ओळखायचा प्रश्नच नव्हता, माझे सगळे केस पिकलेले. सुनेला हाक मारून पाणी मागवलं, दही-थेपलं मागवलं. "चा नहीं मळे हं. आजे सातम छे. चूलो ठंडो."

मी दारातून आत पाहिलं. लख्ख घासलेली शेगडी. बर्नरवर कुंकवाचं बोट. वर जास्वंदीचं फूल.

हातातलं थेपलं हातातच राहिलं. शीतळा सातम! गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी गुजराती घरात चूल पेटत नाही. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, चूल घासून पुजायची, सातमला सगळं थंड खायचं. माझा जन्म बडोद्यातला, हे मला शाळेपासून माहीत. पण आमच्या मराठी घरात त्या दिवशी चूल पेटते, म्हणून त्यांचा सण कधी मनावरच घेतला नाही. आणि एका सातारच्या बाईच्या घरी सातम असेल, हे कुठून सुचणार?

"शेजारी पूर्वी एक मराठी बाई होत्या ना?" मी विचारलं.

"मंदा!" म्हातारीचा चेहरा फुलला. "माझी बहीणच ती. सातम करायला मीच लावलं तिला. तेना वरनी आंखो माटे. नवऱ्याच्या डोळ्यांसाठी शीतळामाताचं व्रत. पोरांना आदल्या दिवशी थेपल्यांचे डबे द्यायची आणि सातमला दोघं मंदिरात जायची. एक वार शुं थयुं खबर छे?" त्या पुढे झुकल्या. "अशीच सातम होती, दोघं मंदिरात. आणि आला एक इन्कम टॅक्सवाळो! मंदाला पकडायला. मी म्हटलं, थांब मूआ. तेला मागे नेला, थंडो चूलो दाखवला. बोल्ली, कसला धंदा नि कसलं काय! आजूबाजूच्यांना आधीच डोळा मारून ठेवला. गेला तोंड घेऊन." झोपाळा हलेपर्यंत हसल्या. "मंदाला तर सांगितलंच नाही कधी. घाबरली असती बिच्चारी."

मग हसू ओसरलं. पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "पण घर गेलं तिचं. लोन मागितलं होतं म्हणे, मला जाताना सांगितलं. मूओ बँकवाळो, तेणे ना पाडी. माझी मंदा गेली ती गेली. बँकवाळ्याला डोळे नव्हते काय हो? रोज बेचाळीस डबे जायचे इथून, आख्खी गल्ली बघत होती!"

माझे डोळे भरून आले होते, ते थेपल्याच्या तिखटावर ढकलले.

"तमे क्यां नोकरी करता?" त्यांनी विचारलं.

उत्तर जिभेवर होतं. एकतीस वर्षांची नोकरी, दोन शब्दांत सांगता येते. मंदाताईंचा वर केलेला हात आठवला. ती माझी माणसं आहेत, म्हणाल्या होत्या.

"इन्कम टॅक्समध्ये," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा नीट केला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि टाळी मारली. "हाय हाय! तमे ज हता?"

"मीच. चांगला फसवलंत मला बेन. धंदा नाही, असा रिपोर्ट लिहून फाईल बंद केली मी."

म्हातारी हसत सुटली, सुनेला हाका मारमारून सांगू लागली. इतकं खूश झालेलं माणूस मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. पुतणी खाली आल्यावर निघालो, तर चार थेपली कागदात बांधून हातात दिली. "मंदा मळे तो कहेजो हं. म्हणावं, शारदाबेनने तुला वाचवली होती."

"सांगतो," म्हटलं.

घरी पोचलो तर बायको ओट्याशीच होती. उन्हातून आलात, चहा टाकते म्हणाली आणि शेगडीकडे वळली. मी म्हटलं, नको. आज नको पेटवूस.